चंद्रोदयाचं शिळं पान

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात दुपारभर एकच गिऱ्हाईक, तेही चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला. बसल्या बसल्या माझ्या चंद्रोदयाच्या साइटचा स्पीड मोजला. फुकटात मोजून देणारी साइट आहे. आपला पत्ता टाकला की मार्क देते. मला शंभरपैकी एकेचाळीस. दहावीला गणितात याहून बरे होते.

मुख्य कारण वरचा गणपतीचा फोटो. नवऱ्याने, दिलीपने, गावच्या देवळात काढलेला, चार एमबी. आकार लहान करणाऱ्या साइटवर टाकला, दोनशे केबी झाला. दोन्ही शेजारी ठेवून बघितले, चष्मा लावून आणि काढून. काही फरक नाही. म्हणजे इतके दिवस लोकांचं नेट मी उगाच जाळत होते.

मागच्या संकष्टीला संध्याकाळी साइट थोडा वेळ झोपली होती. सगळ्या बायका सात ते नऊमध्येच येतात. जानेवारीत तर अंगारकी आहे. त्याआधी काहीतरी करायलाच हवं.

गंमत म्हणजे हे पान मी फक्त आईंसाठी केलं होतं. समोर टॉवर उभा राहिला आणि गॅलरीतून उगवता चंद्र दिसेनासा झाला. कॅलेंडरातली बारीक अक्षरंही सासूबाईंना लागेनात. म्हणून फोनवर एकच गोष्ट, मोठ्या अक्षरात: आज चंद्र किती वाजता. आता संकष्टीला तिथे हजारोंनी लोक येतात. त्यांना पत्ता कोणी दिला, देव जाणे.

३० नोव्हें., रवि.

प्रज्ञाचा फोन. दुकानात माझ्या शेजारच्या काउंटरला होती, आता अंधेरीत वेबसाइटवाल्यांच्या सपोर्टला आहे. साइट बघून म्हणाली, "विद्या, तो गणतीचा डबा काढ ना आधी. 'आज इतक्या जणींनी पाहिलं.' असलं कोण लावतं आता? लाज काढतेस माझी."

नाही काढणार. आई वेळ बघतात आणि लगेच खाली गणती बघतात. "आज किती जणी आसत गो?" आकडा मोठा असला की त्यांचा उपवास हलका होतो.

प्र. म्हणाली, "ठेव बाई. पण कॅशिंग तरी चालू कर."

२ डिसेंबर, मंगळ.

आधी बॅकअप. (दुकानाच्या साइटवर एकदा न घेताच प्लगइन टाकलं, सगळ्या फ्रेम्सचे फोटो गायब. शेटने महिनाभर ऐकवलं.)

मग कॅशिंग. कल्पना सोपी आहे. मागेल त्याला पान नव्याने बनवून द्यायचं नाही. एकदा बनवायचं, साठवून ठेवायचं, सगळ्यांना तेच वाढायचं. सकाळी पोहे करून डब्यात भरून ठेवतो तसं.

सेटिंगमध्ये विचारलं, पान किती काळ साठवू? एक तास, एक दिवस, एक आठवडा, एक महिना. संकष्टी महिन्यातून एकदा, पान तेवढ्यापुरतंच बदलतं. मग महिनाच बरोबर. संकष्टीच्या सकाळी 'साठवण पुसा' बटण दाबायचं, दुसऱ्या दिवशी 'पुढची संकष्टी' लागली की परत दाबायचं, झालं.

परत मोजलं. चौऱ्याण्णव! हिरवा गोल! दि. ला दाखवलं. "झकास," म्हणाला आणि माझा चार्जर पाहिलास का विचारलं.

७ डिसें., रवि. संकष्टी. चंद्रोदय ८:१९

आईंची एकोणिसावी. एकवीस करायच्या आहेत, शुभासाठी. शुभा म्हणजे दि. ची बहीण, दिंडोशीला असते. तिची छातीतली गाठ काढली तेव्हा आईंनी गणपतीला शब्द दिला. फेब्रुवारीत तिची मोठी तपासणी. तोवर एकवीस पुऱ्या होतात. शुगर आहे, डॉक्टर कुरकुरतात. आई त्यांना "हो हो" म्हणतात आणि घरी येऊन साबुदाणा भिजवतात.

मी उपवास करत नाही, फारसं मानतही नाही. चंद्र रोज उशिरा का उगवतो, यात मात्र मला फार रस आहे.

संध्याकाळी आईंनी फोनवरचं गणपतीचं चित्र दाबलं आणि चष्म्याशिवाय वाचलं, "आठ एकोणीस." आधी पानावर तारीख, वार, तिथी सगळं होतं. आईंनी एकदा तारखेचे आकडेच वेळ म्हणून वाचले, तेव्हापासून संकष्टीच्या दिवशी नुसती वेळ ठेवते. 'आज चंद्रोदय' आणि खाली आकडा.

आठ एकोणीसला गॅलरीत टॉवरकडे तोंड करून अर्घ्य दिलं. मग जेवल्या. साइट एकदाही अडखळली नाही.

१५ डिसें., सोम.

दुकानाच्या साइटच्या पत्त्याशेजारचं कुलूप गेलं होतं, ब्राउझर 'असुरक्षित' म्हणून ओरडत होता. प्रमाणपत्राची मुदत संपलेली. नूतनीकरण आपोआप होतं म्हणे, पण आपोआप होतंय का ते कुणीतरी बघावं लागतं. फोनमध्ये आठवण लावली.

घरी येऊन पुढच्या वर्षीच्या संकष्टी तक्त्यात भरल्या, पंचांगावरून, दोनदा ताडून. सात डिसेंबर, सहा जानेवारी, पाच फेब्रुवारी. एकेक दिवस अलीकडे सरकते. आणि वेळ? ८:१९, ९:२२, ९:५०. ती पलीकडे सरकते. हे असं का, ते एकदा कागदावर चित्र काढून समजून घ्यायचंय.

६ जानेवारी, मंगळ. अंगारकी. चंद्रोदय ९:२२

सकाळी बटण दाबलं. दिवसभर पाच-पाच मिनिटांनी साइट बघत होते. शेट म्हणाला, "काय शेअर बाजार आहे का त्यात?"

दुकानात स्टॉक आलेला, निघायला उशीर. रिक्षात आकडा बघत बघत आले. साइट उभी! गणती तीन हजारांच्या घरात, अजून वाढतीच.

घरी पोचले तेव्हा नऊ वाजायचे होते. दि. पुण्याला गेलेला. आईंचं ताट घासून पालथं घातलेलं. "तू जेव गो, माझा झाला. किती जणी?"

तीन हजार, म्हटलं. त्यांनी आकड्याला हात जोडले. मी इतकी खूश होते की दोन वेळा भात घेतला.

८ जाने., गुरु.

हिशोब जुळत नाही. गणती म्हणते अंगारकीला तीन हजारांवर. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या सर्व्हरच्या, नोंदीत मात्र पान जेमतेम तेवीसशे वेळा दिलं गेलंय. मग वरच्या सातेकशे जणी पान न मागताच गणतीत आल्या कशा? गणतीचा डबा म्हणजे पानाच्या आत बसवलेलं एक छोटं चित्र, ते मागितलं गेलं की आकडा एकाने वाढतो. पान नाही तर चित्र कुठून? भुताटकीच म्हणायची.

त्यात ही मेल: "आपल्या पानावर ८:१९ आणि आमच्या कॅलेंडरात ९:२२. कोणाचं खरं धरायचं? सौ. पाटकर, विक्रोळी." तक्ता उघडून बघितला, अंगारकीला ९:२२. तसं कळवलं, "कृपया नीट पाहावे" असंही लिहिलं.

९ जाने., शुक्र.

पाटकरबाईंनी स्क्रीनशॉट पाठवला. वर फोनचं घड्याळ, सहा जानेवारी, संध्याकाळचे ७:४०. खाली माझं पान. आज चंद्रोदय ८:१९. सोबत एक ओळ: "नीटच पाहिले आहे."

कान लाल झाले. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा उत्सुकताच जास्त. डिसेंबरची वेळ जानेवारीत आली कुठून? मी स्वतः सकाळी साठवण पुसली होती!

११ जाने., रवि.

दिवसभर शोध. काय काय केलं ते लिहून ठेवते, परत लागेल.

माझ्या फोनवर बरोबर. गुप्त खिडकीत (मागचं काही आठवत नाही अशी ती खिडकी) बरोबर. वायफाय बंद करून, बरोबर. दि. च्या लॅपटॉपवर, बरोबर. खालच्या वॉचमनच्या फोनवर, बरोबर. वॉचमनने विचारलं, "मॅडम, काय चेक करताय?" म्हटलं, चंद्र.

परक्या शहरातून आपलं पान कसं दिसतं ते दाखवणारी एक साइट मिळाली. तिथूनही बरोबर. नव्याने येणाऱ्या कुणालाही चूक दिसत नाही. मग पाटकरबाईंनाच का दिसावी? त्यांना विचारलं, आमच्याकडे पहिल्यांदा आलात का? लगेच उत्तर: "गेले वर्षभर दर संकष्टीला येते. विश्वास होता म्हणून."

'होता.'

१७ जाने., शनि.

प्रज्ञा घरी आली, भांडुपहून येताना भजी घेऊन. तिला पाटकर प्रकरण सांगितलं, ते वरचे सातशेही. तिने भजी खाली ठेवली.

"साठवण किती ठेवलीयस?"

"महिना."

"अगं ए, कुठे साठवतात माहितीये ना? एक तुझ्या सर्व्हरवर. आणि एक बघणाऱ्याच्या फोनमध्ये. तुझं बटण तुझ्याकडचीच पुसतं. तिच्या फोनला तू सांगून ठेवलंयस, महिनाभर विचारायला येऊ नकोस, जवळचंच पान दाखव."

"पण महिन्याने तर नवीन मागेल ना?"

प्र. हसायला लागली. "तुमची चतुर्थी, आमची पौर्णिमा, चंद्र एकच ना? माझी आई दर पौर्णिमेला विहारात जाते. एका पौर्णिमेपासून दुसरी कधी एकतीस दिवसांनी आलीय का? एकोणतीस, फार तर तीस. आणि तुझ्या सेटिंगमधला महिना एकतीसचा."

मी कॅलेंडर काढलं. सात डिसेंबर ते सहा जानेवारी, तीस दिवस. फोनमधल्या पानाची मुदत संपायच्या एक-दोन दिवस आधीच संकष्टी येते. दर वेळी! अधेमधे बघणाऱ्यांना 'पुढची संकष्टी' असं तारखेसकट दिसतं. नवीन येणाऱ्यांना ताजंच मिळतं. जी फक्त संकष्टीला येते, न चुकता येते, तिलाच मागचं पान. ते सातशेही सापडले. पान फोनमधलं, म्हणून माझ्या नोंदीत नाही. गणतीचं चित्र मात्र दर वेळी माझ्याकडून जातं, म्हणून मोजलं गेलं.

इतकं सुंदर कोडं सुटलं की मी टाळीच दिली तिला.

प्र. गेल्यावर भज्यांचा कागद आवरताना आठवलं. न चुकता फक्त संकष्टीला येणारी एक माझ्या घरातच आहे. अंगारकीला मी नऊच्या आधी घरी आले होते आणि ताट पालथं होतं.

आतल्या खोलीत जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, अंगारकीला किती वाजता जेवलात?"

"पानावर होता तेवाच. साडेआठाक."

चंद्र ९:२२ ला होता.

१८ जाने., रवि.

साठवण बंद केली. मार्क बावन्नवर आले, येऊ देत. पानावर तारीख परत घातली, वेळेच्या खाली, लहान. हे आधीच का केलं नाही?

दि. ला सांगितलं. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"विसावी मोडली रे त्यांची."

"तिला माहीत नाही ना? मग मोडली कुठे? शुभाचा रिपोर्ट दहा तारखेला आहे. तो येऊ दे, मग बघू. आत्ता सांगितलंस आणि रिपोर्टमध्ये काही निघालं, तर आई जन्मभर काय म्हणेल?"

काय म्हणेल ते मला माहीत आहे, म्हणून तर झोप नाही. सांगितलं तर शुगर असलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पहिल्यापासून एकवीस सुरू करेल. मी हे मानत नाही. गाठीचा आणि चंद्राचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी शुभाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

२० जाने., मंगळ.

आणखी एक लक्षात आलं आणि वाटच लागली.

आता मी काहीही बदललं तरी आधीच दिलेली पानं परत मागवता येत नाहीत. अंगारकीला ज्या नव्याने आल्या त्यांच्या फोनमध्ये ९:२२ चं पान आहे. पाच फेब्रुवारीला, तीस दिवसांनी, त्या परत येतील. खरी वेळ ९:५०. त्यांचे फोन माझ्याकडे विचारायलाच येणार नाहीत. पानावर कितीही मोठी सूचना लावा, ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाच ती दिसणार नाही.

प्र. ला मेसेज केला. तिचं उत्तर: "एकदा फोनमध्ये गेलेलं पान गेलं. खाली ओढून ताजं केलं तरच नवीन येतं. पण तसं करा हे त्यांना सांगणार कोण?"

कोण सांगणार? कुणाचेच नंबर नाहीत माझ्याकडे. एक पाटकरबाई सोडल्या तर.

२४ जाने., शनि.

गणती!

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर अक्षरांचा तक्ता धरला होता, तेव्हाच सुचलं. त्यांना म्हटलं, एक मिनिट, आणि आत जाऊन प्र. ला फोन लावला.

शिळ्या पानात सगळं शिळं. फक्त गणतीचं चित्र दर वेळी माझ्याकडून नव्याने जातं. मग त्या पत्त्यावर गणतीऐवजी मी दुसरंच चित्र ठेवलं तर? शिळ्या पानाच्या पोटात ते जाऊन बसेल. ताज्या पानातून जुनी गणती काढायची, नवी वेगळ्या पत्त्यावर लावायची. म्हणजे जुनं चित्र जो फोन मागेल तो शिळाच. तेवढ्यांनाच सूचना.

प्र. म्हणाली, "मी तुला तो डबा काढायला सांगत होते."

"हो."

"बरं झालं माझं ऐकत नाहीस ते."

गिऱ्हाईक तक्त्यासमोर तसंच बसलेलं.

२८ जाने., बुध.

करून बघितलं. दि. चा जुना फोन खणातून काढला. मुद्दाम साठवण चालू असलेलं एक खोटं पान केलं, त्या फोनवर उघडलं, मग पान बदललं. जुनाच आकडा दिसला. गणतीचं चित्र बदललं. दिसलं! चित्राची रुंदी पानात मी आळसाने कधी लिहिलीच नव्हती, म्हणून मोठं चित्र मोठंच दिसतं.

नोंद: काहीही करायच्या आधी एक जुना फोन बाजूला ठेवावा. आपल्या नव्या फोनला आपली चूक कधी दिसत नाही.

आता अडचण एकच. पानावर तारीख आली, नवी गणती आली, 'मागच्या वेळी काहींना चुकीची वेळ दिसली' अशी ओळही लावणार. ती ओळ न लावता चोरासारखं नुसतं आतून दुरुस्त करणं मला जमायचं नाही. पाटकरबाईंसारख्या सातशे आहेत. आणि वेळ बघून झाली की आई नेमकं तिथेच, खालीच बघतात.

म्हणजे सातशे जणींना सांगायचं तर आईंनाही सांगावं लागणार. रिपोर्टच्या आधी.

दि. म्हणाला, "नको लावू ना ती ओळ यार." मी म्हटलं, "मग त्या सातशे जणींच्या मुलींचे रिपोर्ट तू बघणार आहेस का?" तो उठून गेला. जास्तच बोलले. पण मागे घेणार नाही.

१ फेब्रुवारी, रवि.

सांगितलं.

आई लसूण सोलत होत्या. मी समोर बसले, पाकळ्या हातात घेतल्या. पान, साठवण, एकतीस दिवस, काय काय बोलत राहिले. त्यांनी हात थांबवला.

"म्हणजे चंद्र वर इलोच नव्हतो?"

"नाही आई. तासाभराने उगवला."

लसणीच्या सालाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मगे मी पाणी घातलंय तां कोणाक?"

चूक माझी आहे, तुमची नाही, म्हटलं. त्या उठून देवाजवळ गेल्या, दिवा लावायची वेळ नव्हती तरी लावला. दुपारी जेवताना माझ्याशी बोलल्या नाहीत. दि. माझ्याकडे बघत होता, मी ताटाकडे.

३ फेब्रु., मंगळ.

दोन दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज. आज मी चित्र बनवत बसले होते, आई चहा घेऊन मागे उभ्या राहिल्या. माझा मजकूर असा होता: 'तांत्रिक कारणामुळे आपल्या फोनमध्ये मागील महिन्याची वेळ दिसत असण्याची शक्यता आहे. कृपया पान खाली ओढून पुन्हा उघडावे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

मी वाचून दाखवला. आईंनी कप ठेवला.

"इतक्या कोण वाचीत बसतला? उपाशी माणसा ती. येळ लिही, मोठी."

मग दोघींनी मिळून केलं. लाल अक्षरात, आमच्या दुकानातल्या तक्त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीएवढं:

थांबा. वरची वेळ जुनी आहे. आज ९:५०.

बस. पान खाली ओढा वगैरे सगळं कापून टाकलं. आईंनी चष्मा काढून, लांब जाऊन वाचून बघितलं. "दिसता," म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या माझ्याशी धड बोलत होत्या, आणि मला रडूच आलं. चहा पिण्याचं निमित्त केलं.

मग म्हणाल्या, "त्या विक्रोळीच्या बायक कळयलंस?" कळवलं होतं. सगळं खरं लिहून, माफी मागून. उत्तर आलं नव्हतं.

५ फेब्रु., गुरु. संकष्टी. चंद्रोदय ९:५०

शेटकडून अर्धा दिवस मागून घेतला. संध्याकाळपासून दोन खिडक्या उघड्या, एकीत नवी गणती, एकीत जुनं चित्र कितीदा मागितलं गेलं त्याची नोंद. साडेसहाला जुन्याची पहिली. मग दोन, मग सात. साडेसातनंतर पाऊस पडावा तशा.

प्र. तिच्याकडून बघत होती. "विद्या, पाचशेच्या वर गेलं गं." नंतर नुसताच मेसेज, "सहाशे."

पाटकरबाईंची मेल, आठ वाजता: "आमच्या वहिनीच्या फोनवर लाल अक्षरं आली. ती ताट वाढून बसली होती. थांबली आहे." एवढंच. विश्वासाबद्दल काही नाही.

शुभाचा फोन आला. सोमवारी स्कॅन, मंगळवारी रिपोर्ट. स्पीकरवर होती. "आई, एकवीस झाल्या ना गं आज? उद्यापनाला येऊ ना मी?"

आई म्हणाल्या, "तू ये. जेवक ये." उद्यापनाचं बोलल्या नाहीत. दि. ने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे.

साडेनऊला आई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, तांब्या घेऊन. मी मागे खुर्ची ठेवली, बसल्या नाहीत. नऊ पन्नास झाले. मी म्हटलं, आई, झाली वेळ. त्या म्हणाल्या, "रव." आज पानावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि रागावण्याचा मला हक्क नव्हता. टॉवरच्या कडेने उजेड वर येत होता, पण चंद्र काही दिसेना. दि. बाहेर आला, त्यालाही त्यांनी हाताने थांबवलं. आम्ही तिघं टॉवरकडे बघत उभे. सकाळपासून मीही काही खाल्लं नव्हतं. ठरवून नाही, राहूनच गेलं होतं. पोटात कावळे ओरडत होते आणि डोकं चांगलं चालत होतं.

सव्वादहा झाले असतील. टॉवरवरच्या क्रेनच्या बाजूने चंद्राची कड दिसली. आईंनी तो पुरता बाहेर येईपर्यंत वाट पाहिली, मग अर्घ्य दिलं, सावकाश.

जेवताना विचारलं, "किती जणी आसत गो?"

"सगळ्या मिळून अडीच हजार. त्यातल्या सातशेंना लाल अक्षरं दिसली."

"त्यो थांबल्यो?"

"ते नाही कळत आई. दिसली एवढंच कळतं."

त्यांनी मान हलवली. हात धुऊन आल्या, फोन माझ्यापुढे ठेवला.

"पुढची कधी आसा गो?"

पुढची म्हणजे बाविसावी, की पहिली, की अंगारकीची राहिलेली, ते मी विचारलं नाही. पान उघडलं, खाली ओढून ताजं केलं, आणि सहा मार्चची वेळ त्यांना वाचून दाखवली.